ताई, आत्याला तुम्ही आधी विचारलं त्याबद्दल

ताई, नमस्कार. तुमचं नाव टाकत नाही, तुम्हीच म्हणाल्या होत्या नाव नको टाकू म्हणून. पेढे आणले होते तर तेही तुम्ही घेतले नाहीत, मग आता लिहूनच आभार मानतो आणि चारचौघात मानतो, कारण तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिचे तुमच्यासारखे विधी स्वयंसेवक, म्हणजे कायद्याची मदत करणारे, गावात येतात आणि त्याला एक रुपया लागत नाही हे आमच्या यवतमाळकडं निम्म्या गावाला माहीत नाही. मलाही तुम्ही ग्रामपंचायतीत शिबिराला आल्या तेव्हाच समजलं.

आत्याला तिच्या दिरानं लांबच्या एका खाजगी केंद्रात ठेवलं होतं. आजार जुना आहे तिचा, कानात आवाज येतात, गोळ्या बंद झाल्या की रात्र रात्र बोलत बसते. ठेवलं ते ठेवलंच. आम्ही भेटायला गेलो की "पेशंट डिस्टर्ब होते" म्हणून गेटवरूनच परत, फोन लावला तर देत नव्हते, आणि घरात सगळ्यांचं एकच, सही त्यानं केली ना मग आता त्याची मर्जी. शिबिर संपल्यावर मी हे सांगितलं तेव्हा तुम्ही पहिलं काय विचारलं आठवते का? "आत्याले कोनी इचारलं का, तिले काय पायजे ते?" मागं बसलेले दोघंतिघं हसले, येडीले काय इचारता म्हणे. तुम्ही हसल्या नाही.

मग तुम्ही ओट्यावर बसून २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगितला, तो मी अजून जमेल तसा लोकांना सांगत असतो. माणसाला आजार आहे म्हणजे त्याला ठरवता येत नाही असं धरायचंच नाही. सांगितलेलं समजते का, त्याचं पुढं काय होईल हे कळते का, आणि बोलून नाहीतर खुणेनं का होईना सांगता येते का, हे पाहायचं, तेही त्याला समजेल अशा भाषेत सांगून. त्याचा निर्णय आपल्याला चुकीचा वाटला म्हणून तो अक्षम ठरत नाही. (या हिशोबानं आमच्या घरातले अर्धे लोक पहिले तपासावे लागतील, असो.) आणि ठरवता येत नाही म्हणून इच्छेविरुद्ध ठेवलं तर ते कलम ८९ मध्ये, दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासून, जास्तीत जास्त ३० दिवस. बाईमाणूस असेल तर ३ दिवसांत मंडळाला, म्हणजे याच कायद्यातल्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला, कळवायचं, दर ७ दिवसांनी पुन्हा पाहायचं की आता तिला ठरवता येते का. ३० दिवसांच्या पुढं ठेवायचं तर पुन्हा वेगळी तपासणी आणि मंडळाची परवानगी. आत्याच्या वेळी मंडळाला एकही कागद गेला नव्हता.

विधी सेवा प्राधिकरणाचं पत्र घेऊन तुम्ही आणि वकील मॅडम तिथं गेल्या, मी सोबत होतो. आत्याचं डोकं भादरलेलं होतं. उवा होतात म्हणे. अंगात सगळ्या बायांसारखा एकच गाऊन, आणि मनगटावर ओढणीनं बांधल्याचे वळ. मला तर काही सुचतच नव्हतं, तुम्ही मात्र आवाज न चढवता रजिस्टर मागितलं, कधी बांधलं, किती वेळ, कोणत्या मानसोपचार डॉक्टरनं लिहून दिलं. मॅनेजर म्हणाला रात्रीला स्टाफ कमी असतो. तुम्ही कलम ९७ काढून दाखवलं, स्टाफ कमी आहे म्हणून बांधता येत नाही असं तिथं सरळ लिहिलेलं आहे, आणि साखळीला तर ९५ मध्ये पूर्ण बंदी. जबरीनं डोकं भादरायचं नाही, स्वतःचे कपडे घालायचे असतील तर घालू द्यायचे, हेही त्याच कायद्यात. तामिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ ला आग लागली तेव्हा साखळीनं बांधलेले २८ जण गेले, हे तुम्ही परत येताना एसटीत सांगितलं. त्याच्यानंतर दारव्हा येईपर्यंत कोणी बोललं नाही.

पण मला आभार मानायचे आहेत ते त्याच्या आधीच्या गोष्टीचे. तुम्ही खुर्ची आत्याच्या खाटेजवळ ओढली, तिच्याच वऱ्हाडीत विचारलं आणि वाट पाहिली. खूप वेळ. मी मधात बोलायला गेलो तर हातानंच थांबवलं. मग आत्या म्हणाली, गोळ्या खाईन पण घरी खाईन. साध्या कागदावर अंगठा घेऊन नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचाराच्या बाबतीत आपल्या बाजूनं उभं राहणारं आपल्या पसंतीचं माणूस, नेमता येतो, स्टॅम्पपेपर लागत नाही, हे तुम्ही तिला समजावलं आणि तिनं मला नाही, शेजारच्या काकूला नेमलं, जिच्यासोबत ती कापूस वेचायला जायची. मला जरा लागलं खरं. तुम्ही काकूची लेखी संमती घेतली आणि पुढं चालल्या. मंडळाकडं अर्ज केला, त्याला फी नाही, अशा भरतीविरुद्धचा अर्ज ७ दिवसांत निकाली काढावा लागतो, पण सुनावणीची वेळच आली नाही, केंद्रानं आधीच डिस्चार्ज दिला.

दिराची गडबड वावराच्या हिश्श्यासाठी होती ते नंतर कळलं. तिथंही तुम्ही स्पष्ट सांगितलं की प्रतिनिधी फक्त उपचारापुरता, सातबाऱ्याशी त्याचा संबंध नाही, आणि नुसता आजार आहे म्हणून कोर्टाशिवाय कोणी तिला वेडी ठरवू शकत नाही. हे काकूलाही सांगितलं आणि मलाही.

आत्या पूर्ण बरी झाली असं नाही. मागच्या महिन्यात पुन्हा आवाज सुरू झाले होते, जिल्हा रुग्णालयातून गोळी बदलून आणली. केस आता खांद्यापर्यंत आलेत, तेल मी आणलेलं चालत नाही, काकूनं आणलेलंच पाहिजे.

आणि ताई, एक काम पण आहे. आमच्या शिवेपलीकडच्या गावात एकजण आपल्या पोराला दिवसा गोठ्यात बांधून वावरात जातो, माणूस वाईट नाही, घरी दुसरं कोणीच नाही. त्याला तुमच्याकडं यायला तयार केलंय, सोमवारी बाजाराच्या दिवशी कोर्टात येतो. पोराला सोबत आण म्हणून सांगितलंय, तुम्ही आधी त्यालाच विचारणार हे मला माहीत आहे.