सहाय्यक बिशप आणि सफ्रगन बिशप

महोदय,

अँग्लिकन चर्चविषयी, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेविषयी लिहिताना 'सहाय्यक बिशप' आणि 'सफ्रगन बिशप' ही मुख्य बिशपच्या हाताखालची दोन पदे सर्रास एकच धरली जातात. कामे बरीचशी सारखी असली, तरी दोन्ही पदांची घडण वेगळी आहे. सफ्रगनचे पद १५३४ च्या इंग्लिश कायद्यातून आले. त्यात २६ गावांची यादी होती. मुख्य बिशपने दोन नावे सुचवायची, राजाने त्यातले एक निवडायचे आणि त्या बिशपला यादीतल्या एखाद्या गावाचे नाव मिळायचे. पुढे ही प्रथा बंद पडली ती थेट १८७० मध्ये पुन्हा सुरू झाली. तेव्हा जुन्या यादीची अडचण झाली. १८७९ मध्ये वॉल्शम हाउ यांना पूर्व लंडनच्या गरीब वस्त्यांचे काम सोपवले, पण यादीत सोयीचे नाव नसल्याने ते म्हणवले गेले 'बेडफर्डचे बिशप'. बेडफर्ड तर लंडनच्या धर्मप्रांतातही (एका मुख्य बिशपच्या अखत्यारीतल्या प्रदेशात) नव्हते! १८८८ च्या कायद्याने नवी गावे निवडण्याची मोकळीक दिली, तेव्हा कुठे हा घोळ मिटला.

सहाय्यक बिशपला असे गावाचे नाव नसते. दृढीकरण (बाप्तिस्मा झालेल्यांची श्रद्धा पक्की करण्याचा विधी), दीक्षा (धर्मगुरू नेमण्याचा विधी) ही कामे तो मुख्य बिशपच्या परवान्याने करतो. त्याचा स्वतःचा अभिषेक मात्र पूर्ण बिशप म्हणूनच झालेला असतो.

आपल्याकडचे उदाहरण फिलिप लॉइड यांचे. १९२५ पासून ते मुंबईचे सहाय्यक बिशप होते आणि १९२९ मध्ये नाशिकचा स्वतंत्र धर्मप्रांत झाल्यावर तिथले पहिले बिशप झाले. नाशिकच्या स्थानिक इतिहासात या चार वर्षांची नोंद आवर्जून व्हायला हवी.

– एक वाचक, नाशिक