नंदूला, जेनोवाच्या पत्त्यावर

देवगड

चि. नंदू यास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी मी फोन आपटला ते चुकलंच. तेव्हापासून तुझी आई माझ्याशी कामापुरतं बोलते. म्हणून पत्र. फोनवर माझा आवाज चढतो. डेकवर वाऱ्यात ओरडायची सवय घरातही सुटत नाही. तुझ्या तिथे राहायच्या परवान्याच्या कागदांचं विचारायचं नाही असं ठरवूनच लिहायला बसलोय.

तुझी गाणी ऐकली, नऊच्या नऊ. आजीच्या ओवीखाली तू ऊद (ते अरबी तंतुवाद्य) लावलास तिथे मी थांबलो. त्याला पडदे नसतात ना, म्हणून ती जिथे सूर ओढायची तिथे तोही ओढतो. त्या ग्रीक तंतुवाद्याला, बुझुकीला, ते जमलं नसतं; तू ती ओवी संपल्यावर आणलीस, बरं केलंस. तुझा तो ग्रीक सात मात्रांचा ताल भजनातल्या बाबीला ऐकवला. म्हणाला, "हो आपलो रूपक. तीन-दोन-दोन." आईची तक्रार वेगळीच. तिसऱ्या गाण्यात तू ओवी स्वतः म्हटलीस, तिथे 'तांडेल', म्हणजे होडीचा म्होरक्या, होतं त्याचं 'साजण' केलंस. सासूबाई असलं काही म्हणायच्या नाहीत, म्हणाली. मग म्हणाली, परत लाव. चार वेळा लावलं, तोवर पेज खाली लागली.

ती कॅसेट आठवते? १९८६ साली घेतली, तिथेच जेनोवात, बंदरासमोर सोत्तोरीपाच्या कमानींखाली. सगळीकडे तळलेल्या मासळीचा वास. मी सिनेमातली गाणी मागितली, दुकानदाराने फाब्रित्झिओ दे आंद्रे या इटालियन गायकाची 'क्रेउझा दे मा' हातात ठेवली. ऊद आणि तुर्की साझ ऐकून वाटलं, अरबी देऊन फसवलं. पोर्ट सैदपर्यंत त्याला शिव्या घातल्या. सुएझ ओलांडेपर्यंत ती पाठ झाली होती. ती अरबी नव्हे, जेनोवाची बोली, हे मला तुझ्याकडून कळलं, तेही इतक्या वर्षांनी.

आणि तू नऊ वर्षांचा असताना तिच्या भोकांना कागद चिकटवून दुसऱ्या बाजूवर आजीला टेप केलंस! दोन गाणी पुसली गेली, शेवटचं तेवढं वाचलं. मी तुला मारलं होतं. आजी गेली तेव्हा मी सुएझच्या तोंडाशी, जहाजांच्या काफिल्याची वाट बघत नांगरावर होतो. घरी आल्यावर ती बाजू लावली, आणि तिच्या ओवीमागून ते खलाशाच्या निरोपाचं गाणं सुरू झालं. त्या मारण्याबद्दल मी कधी काही बोललो नाही. आता बोलतोय.

त्याच गाण्याचा अर्थ तू परवा सांगितलास. निघालेला खलाशी आपल्या पेटीतलं सामान मोजतो, आणि काळ्या टोपीत तिचा मुलगी असतानाचा फोटो. माझ्या सीडीसीत, त्या खलाशाच्या नोंदपुस्तकात, तुझ्या आईचा होता, दोन वेण्यांचा. तिला अजून सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

पण म्हणूनच सांगतो, सीडीसी खिशात होतं म्हणून फोटो होता. गोदीतली नोकरी सोडलीस, ठीक. काम शोधायला वर्षभराची मुदत मिळते म्हणतोस, तेही ठीक. वर्षानंतर? गाण्यांवर परवाना वाढवून देतात का? शोअर पास, म्हणजे जहाजावरून बंदरात उतरायचा परवाना, हरवलेला माणूस गेटवर कसा उभा असतो ते मी पाहिलंय. तो कितीही गोड गाणारा असो, पोलीस आधी कागद बघतो. माणसाने पहिल्यांदा

बघ, सुरू झालो. राहू दे. तू पस्तिशीचा आहेस आणि मी तुला गोदीचं गेट शिकवतोय.

बाबी विचारत होता, सप्ताहात तुझी ओवी लावू का. मी म्हटलं, प्रेमाची गाणी आहेत रे. तर म्हणाला, मग विठोबाची काय वेगळी असतत? आता सगळ्या वाडीला माहीत झालंय. कट्ट्यावर मला 'ऊदवाल्याचो बापूस' म्हणतात. चालायचंच.

यंदा मोहोर उशिरा. माझं बीपी ठीक आहे, आई वाढवून सांगते. आमसुलं पाठवतोय, कस्टमवाल्यांनी विचारलं तर सुकवलेलं फळ सांग.

तुझा,
बाबा

ता. क. आई विचारते, सहावं गाणं कुणासाठी आहे. मी विचारत नाही. परवान्याचा तेवढा फोटो पाठव. मुदतीची तारीख असते ती बाजू वर ठेवून काढ.