आजीची लॅटिन

महोदय,

आमची आजी गेल्या आठवड्यात गेली. वय ९४. उत्तर वसईतल्या कुपारी या ख्रिस्ती समाजातल्या बायकांचं लाल लुगडं तिनं शेवटपर्यंत सोडलं नाही, आणि चर्चमधली पहाटेची उपासना, म्हणजे मिस्साही. गुडघे थकल्यावर नातवाच्या स्कूटरवर मागे बसून जायची. एका हातात जपमाळ, दुसऱ्या हातात नातवाची कॉलर.

तिचं तारुण्य लॅटिन मिस्सेत गेलं. अर्थ कळत नसे, पण फादरांचं ‘दोमिनुस वोबिस्कुम’ (प्रभू तुमच्याबरोबर असो) ऐकलं की ‘एत कुम स्पिरितु तुओ’ आपोआप तोंडातून निघे. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) उपासना मराठीत आली, तेव्हा तिनं तिशी ओलांडली होती. ‘देवाला मराठी येतं हे आधी सांगायचं ना!’ असं ती फादरांना म्हणाली म्हणे. खरंखोटं आता कोण ठरवणार? शाळा चौथीपर्यंत, पण अकरा नातवंडांना प्रार्थना तिनंच शिकवल्या, सुकेळ्यांसाठी (वाळवलेली केळी) केळी सोलता सोलता. शब्द चुकला की त्या दिवशी सुकेळी बंद.

तिच्या उशाखाली जपमाळ सापडली. एक मणी नव्हता. त्या जागी लाल दोऱ्याची गाठ.

— एक वाचक, वसई