बाबा, तात्यांची ती गोष्ट मला पूर्ण हवीय

प्रिय आई-बाबा,

फोनवर हे नीट बोलता आलं नसतं म्हणून लिहायलाच बसले. शनिवारी आम्ही हॅमिल्टनच्या विमानांच्या म्युझियममध्ये गेलो होतो, चिनूची शाळेची असाइनमेंट होती. तिथे दुसऱ्या महायुद्धातलं लँकेस्टर बॉम्बर, म्हणजे बॉम्ब टाकणारं विमान आहे, अजून उडतं, जगात अशी उडणारी दोनच उरलीत. आणि बाबा, ते बनलं कुठे माहितीय? माल्टनला, म्हणजे तुम्ही दोघं टोरांटोला ज्या एअरपोर्टवर उतरलात ना तिथेच तेव्हा कारखाना होता, ४३० लँकेस्टर बनवली त्यांनी.

या विमानाला अँड्र्यू मिनार्स्कीचं नाव दिलंय. विनिपेगचा पोरगा, आईवडील पोलंडहून आलेले, वडील लवकर गेले म्हणून हा चामड्याच्या कामाला लागला, मग एअरफोर्समध्ये गनर, म्हणजे विमानातून मशीनगन चालवणारा. सात जणांचा क्रू. त्यातला शेपटीतला गनर पॅट ब्रॉफी याचा जिगरी दोस्त. ब्रॉफी ऑफिसर झाला तसा हा रोज रात्री निरोप घेताना गंमतीने त्याला सॅल्यूट ठोकून "गुड नाइट, सर" म्हणायचा.

१९४४ चा जून, १२ तारखेची रात्र उलटून १३ लागलेली, फ्रान्समधल्या कांब्रेच्या रेल्वे यार्डावर बॉम्ब टाकायला निघाले होते, त्यांची तेरावी फेरी. जर्मन विमानाने खालून गोळ्या घातल्या, डावीकडची दोन्ही इंजिनं गेली, आग लागली, पायलटने सगळ्यांना उड्या मारा सांगितलं. पुढे बॉम्ब टाकणाऱ्याच्या डोक्याला बाहेर पडायच्या दाराचं झाकण लागून तो बेशुद्ध पडला तर इंजिनियरने त्याला पॅराशूट लावून बाहेर ढकललं, वाचला तो. मिनार्स्की दारापाशी पोचला होता, उडी मारायची एवढंच बाकी, आणि त्याला दिसलं की ब्रॉफी मागे अडकलाय.

ती मागची जागा मी बघितली हो. काचेचा एवढासा डबा, त्यात चार मशीनगन, माणूस गुडघे पोटाशी घेऊनच बसणार. ती फिरवायचं मशीन बंद पडलेलं, हाताने फिरवायचा दांडा तुटून ब्रॉफीच्या हातात आला. मिनार्स्की आगीतून रांगत गेला, कुऱ्हाडीने फोडून बघितलं, नुसत्या हातांनी ओढलं, कंबरेखाली कपडे पेटलेले तरी. शेवटी ब्रॉफीनेच हात हलवून जा जा सांगितलं. तो ब्रॉफीकडे पाठ न करता तसाच मागे मागे रांगत दारापर्यंत गेला, उभा राहिला, पेटलेल्या कपड्यांत सॅल्यूट केला आणि ओठ हलले, ब्रॉफीला ऐकू आलं नाही पण कळलं काय म्हणाला ते. मग उडी मारली, पॅराशूटही पेटलेलं. खाली फ्रेंच लोकांना सापडला पण भाजून गेला. २७ वर्षांचा होता.

आणि ब्रॉफी, जो मरणारच होता, तो विमान बॉम्बसकट जमिनीवर आपटलं तेव्हा बाहेर फेकला जाऊन वाचला! बाकी पाच जणही वाचले, दोघं जर्मनांच्या हाती लागले. आत काय झालं हे बघणारा जगात एकटा ब्रॉफी. त्याने सांगितलं म्हणून १९४६ मध्ये मिनार्स्कीला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे शौर्याचं सगळ्यात मोठं पदक मिळालं. तोही गेला असता तर मिनार्स्कीच्या माऊलीला पोरगा विमानाबरोबर गेला एवढंच कळलं असतं.

तिथे उभी असताना मला सारखे तात्याच आठवत होते, बाबा. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट, कोयनेचा भूकंप, तुम्ही भिंतीखाली अडकलेले आणि तात्या बाहेर पडलेले असून परत आत आले, एवढंच तुम्ही आजवर सांगितलंत, तेही मी दहावीत असताना एकदा, लाइट गेली होती तेव्हा. पुढचं विचारलं की तुम्ही उठून अंगणात जाता. तात्यांचा पाय कशाने गेला हे आमच्या पिढीत कोणालाच धड माहीत नाही, चुलत भाऊ तर म्हणतो बैलगाडीवरून पडले. मला फार वाईट वाटलं त्या दिवशी. तुमच्याशिवाय हे बघितलेलं आता कोणी नाही ना.

येत्या रविवारी मी व्हिडिओ कॉल करते, रेकॉर्डिंग चालू ठेवते. आई, तू मोबाइल बाबांसमोर धर आणि मध्ये चहाला उठू नकोस. बाबा, रडू आलं तर येऊ दे, थांबा आणि परत सुरू करा, मला कसलीही घाई नाही. आणि आत आल्यावर तात्यांनी तुम्हाला काय म्हणून हाक मारली, तेही सांगा.

तुमची,
मनू

(गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळवा, दादाला सांगते.)