आईच्या मीटरवरचा ८.१ समजावून देणाऱ्या लॅबवाल्या ताईंना

प्रिय ताई,

त्या रात्री साडेनऊला तुमची बेल वाजवली तेव्हा तुमचं जेवण चालू होतं. हात धुऊन लगेच खाली आलात. तेव्हा धड आभारही मानता आले नाहीत, म्हणून हे पत्र.

भावाने लंडनहून आईसाठी शुगरचं मीटर आणलं होतं. पहिल्याच तपासणीत आकडा आला ८.१. लॅबच्या रिपोर्टात आम्ही नेहमी १३०, १४० बघणारे. सत्तरच्या खाली गेलं की धोका, एवढंच मला ठाऊक. शुगर लो झाली समजून आईला तीन चमचे साखर चारली. थोड्या वेळाने ११.४ आलं, तेही मला कमीच वाटलं. आणखी साखर देणार होते, तेवढ्यात तुमची आठवण झाली.

तुम्ही आधी मीटरकडे बघितलंच नाही. आईचा हात हातात घेऊन विचारलंत, "घाम सुटलाय? थरथरतंय? भूक भूक होतेय?" यातलं काहीच नव्हतं. मग चष्मा वर करून आकड्याखालची बारीक अक्षरं वाचलीत : एमएमओएल/एल. इंग्लंडात शुगर मिलीमोल प्रति लिटरमध्ये मोजतात, आपल्याकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. कॅलेंडरच्या मागे तुम्ही पेन्सिलीने गुणाकार मांडलात. ८.१ गुणिले १८ म्हणजे १४६. साखरेनंतरचे ११.४ म्हणजे २०५. माझ्या पोटात गोळा आला, पण निदान आता खरं काय ते कळलं होतं.

अठराच का, हेही तुम्ही सांगितलंत. एक मिलीमोल ग्लुकोज म्हणजे १८० मिलिग्रॅम, आणि डेसिलिटर हा लिटरचा दहावा भाग, म्हणून १८. आमची सत्तरची रेघ त्या मीटरवर ३.९ ला येते. तो कागद अजून फ्रिजवर चिकटवलेला आहे. आई तर ८.१ हा एचबीए१सीचा, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणाऱ्या तपासणीचा आकडा समजली होती. ती टक्केवारी वेगळी आणि बोटातल्या थेंबाचा त्या क्षणाचा आकडा वेगळा, हे तुम्ही तिला न कंटाळता दोनदा समजावलंत.

पुढच्या महिन्यात आपल्याकडचं मीटर घेतलं. त्यावर एकदा दुपारी एकदम २६२ आलं. मी घाबरले, पण तुमचं वाक्य आठवलं, "आधी साबणाने हात, मग दुसरं बोट." आई नुकतीच आंबे चिरून उठली होती. हात धुऊन, नीट पुसून पुन्हा बघितलं तर १५८. त्या दिवशी तुम्हाला मनातल्या मनात नमस्कार केला. लॅबचे १३२ आणि घरचे १४१ यावरून मी वाद घातला, तेव्हाही तुम्ही शांतपणे सांगितलंत की शंभराच्या पुढे पंधरा टक्क्यांचा फरक चांगल्या मीटरमध्येही चालतो. एका आकड्यावर गोळी कमी-जास्त करायची नाही, वही डॉक्टरांना दाखवायची.

ती वही आता आई स्वतः लिहिते. उपाशीपोटी, जेवणानंतर दोन तासांनी, आकड्याशेजारी काय खाल्लं ते. मीटरच्या पट्ट्यांच्या डबीचं झाकण दमट हवेत उघडं राहिलं तर मला ओरडते, अगदी तुमच्या शब्दांत. रविवारी वही घेऊन ती तुमच्याकडे येणार आहे. सोबत बिनसाखरेची नाचणीची आंबील असेल, नाही म्हणू नका.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची