बाबा, तुमची चाचणी मी घेणार नाही

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर विसरण्याचा विषय निघाला की बाबा, तुम्ही तो हसण्यावारी नेता आणि आई, तू घाईघाईने दुसरंच काहीतरी काढतेस. म्हणून पत्र. पत्राला मध्येच तोडता येत नाही.

परवा बाबा म्हणाले, "घरातच क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असताना बाहेर कशाला हिंडायचं? तूच घे ती स्मरणशक्तीची चाचणी आणि सांगून टाक." नाही, मी घेणार नाही. प्रश्न विचारून गुण मांडायचे एवढंच काम असतं तर घेतली असती. पण चाचणी घेणाऱ्याने चेहरा कोरा ठेवायचा असतो, समोरचा अडला तरी ठरलेल्यापेक्षा एक शब्द जास्त सुचवायचा नसतो. तुम्ही अडखळलात तर माझा चेहरा कोरा राहणार नाही. आणि तुम्ही तरी लेकीसमोर "हल्ली कशातच मन लागत नाही" असं म्हणाल का? उलट सगळं ठणठणीत आहे हे दाखवायची खटपट कराल. जवळच्या नात्यातल्या माणसाला आपण तपासू नये असं आमच्या व्यवसायाचे नीतिनियम सांगतात, ते याचसाठी.

मग जायचं कोणाकडे? आधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे. मानसशास्त्र शिकलेली मुलगी रक्त तपासा म्हणते याचं हसू येईल, पण बी-१२ कमी असलं, थायरॉइड मंदावलं, तरी माणूस विसराळू आणि सुस्त होतो. झोपेच्या गोळ्या, सर्दी-अ‍ॅलर्जीच्या काही जुन्या गोळ्या उतारवयात स्मरणावर परिणाम करतात. तुम्ही त्या आपल्या मनाने घेता, हे आईकडून कळलंय. आणि कान! जे नीट ऐकूच आलं नाही ते लक्षात कुठून राहणार?

आमच्या क्षेत्राची सुरुवातच अशा एका गोष्टीने झाली. १८९६ साली लाइटनर विटमर यांनी अमेरिकेत पेनसिल्वेनिया विद्यापीठात पहिलं मानसशास्त्रीय क्लिनिक काढलं. त्यांच्याकडे एका शिक्षिकेने एक मुलगा आणला. बुद्धीने बरा, पण स्पेलिंग काही केल्या जमेना. विटमर यांनी तपासलं तर त्याच्या दृष्टीतच दोष निघाला. आधी चष्मा, मग खास शिकवणी. मला ही गोष्ट फार आवडते. मनाचा तज्ज्ञ, आणि सुरुवात केली ती डोळ्यांपासून.

आता बाबांची व्याख्या: सायकियाट्रिस्ट गोळ्या देतो, सायकॉलॉजिस्ट गप्पा मारतो. पहिला भाग बराचसा बरोबर आहे. सायकियाट्रिस्ट आधी वैद्यकीय पदवी घेतो, मग मनोविकारांचं विशेष शिक्षण. औषध द्यायचं का, किती, ब्लडप्रेशरच्या गोळीबरोबर ते चालेल का, हे त्याने ठरवायचं. मी मेडिकलला गेले नाही. मानसशास्त्राचं शिक्षण आणि मग वरिष्ठांच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णांबरोबर काम, हा माझा रस्ता. बहुतेक ठिकाणी आम्हाला औषध लिहिता येत नाही. (तुम्हाला अपवाद आवडतात म्हणून सांगते: अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्याने २००२ मध्ये जादा प्रशिक्षण घेतलेल्या सायकॉलॉजिस्टना ती परवानगी देणारा कायदा केला.) मला विचाराल तर ती नकोच. औषध लिहिता यायला लागलं की ऐकण्याचा वेळ आखडतो, असं माझं मत. माझ्या सायकियाट्रिस्ट मैत्रिणी यावरून माझ्याशी भांडतात.

न्यूरॉलॉजिस्ट, म्हणजे मेंदूचा डॉक्टर, कदाचित स्कॅन करायला सांगेल. मेंदू कुठे आकसलाय का, कुठे रक्तपुरवठा तुटलाय का, हे त्यात दिसतं. पण तोच मेंदू रोजच्या व्यवहारात नेमका कुठे अडतो हे स्कॅनवर उमटत नाही. तिथे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं काम सुरू होतं, आणि ते गप्पांचं नाही.

चाचणीतले शब्द इथे लिहीत नाही, नाहीतर ती तुमच्यापुरती बाद होईल. पण आम्ही काय बघतो ते सांगते. समजा शब्दांची यादी वाचून दाखवली, मध्ये दुसरी कामं दिली आणि अर्ध्या तासाने ती पुन्हा विचारली. एकाला काहीच आठवत नाही, पण "त्यात एक पक्षी होता" म्हटलं की तो पटकन म्हणतो, "हां, पोपट!" म्हणजे शब्द आत पोचला होता, बाहेर निघत नव्हता. नैराश्यात असं बऱ्याचदा दिसतं. दुसऱ्याला इशारा देऊनही उपयोग नाही, किंवा तो यादीत नसलेलाच पक्षी ठामपणे सांगतो. तिथे शब्द साठलाच नव्हता, आणि अल्झायमरमध्ये साधारण हे होतं. इशाऱ्याआधी दोघांचेही गुण सारखेच. चुकण्याची तऱ्हा मात्र वेगळी, आणि आमची नजर त्या तऱ्हेवर असते. एक जण प्रयत्न करायच्या आधीच "नाही बुवा माहीत" म्हणून मोकळा होतो, दुसरा विनोद करून वेळ मारून नेतो. (हसण्यावारी नेणाऱ्यांनी लगेच घाबरू नये. एका खुणेवरून काही ठरत नाही, आणि काही जण आयुष्यभर विनोदच करत आलेले असतात.)

घड्याळ काढायची चाचणी एव्हाना सगळ्यांना माहीत झाली आहे. कोरा कागद, गोल, आकडे, आणि अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. तिथेही बघतो ते हे, की आकडे एका बाजूला दाटले का, आणि "दहा" ऐकून मोठा काटा दोनऐवजी दहाच्या आकड्याकडे गेला का. बाबा, कृपा करून सराव करून जाऊ नका. गुण चांगले आले आणि अडचण लपली, तर नुकसान तुमचंच.

हे गुण तुमच्या वयाच्या आणि तुमच्याएवढं शिकलेल्या लोकांच्या गुणांशी ताडून बघतात. मग रक्ताचे रिपोर्ट, झोप, मनःस्थिती, आईचं सांगणं हे सगळं एकत्र मांडून सायकॉलॉजिस्ट एक जुळणी करतो: हे कशामुळे सुरू झालं आणि कशामुळे टिकून आहे? उदाहरणार्थ, एखादा माणूस नाव विसरतो, त्याला ओशाळल्यासारखं होतं, म्हणून तो लोकांत जाणं टाळतो. घरात बसून मन खचतं, झोप उडते, लक्ष लागत नाही आणि तो आणखी विसरतो. तुमचं शब्दकोडं सोडवणं बंद झालंय हे कळल्यापासून हेच माझ्या डोक्यात घोळतंय. तुमच्याबाबतीत असंच असेल असं मी म्हणत नाही. पण असलंच तर हे चक्र तोडण्याचे उपचार आहेत, ते ठरलेल्या पद्धतीने चालतात आणि उतारवयातही लागू पडतात. डिमेन्शियाची, म्हणजे स्मृतिभ्रंशाची, सुरुवात निघाली, तर औषधांचं डॉक्टर बघतील. वह्या, खुणा, दिनक्रम यांवर रोजचं काम कसं निभवायचं हे सायकॉलॉजिस्ट बसवून देईल. दोन्ही एकत्रही असू शकतं.

राहिले काउन्सेलर. निवृत्ती, वियोग, नात्यातले ताण, अडलेले निर्णय हा त्यांचा प्रांत. आजाराचं निदान हे सहसा त्यांचं काम नसतं. आमच्यातली रेघ काही पक्की नाही. चांगला काउन्सेलर आजाराचा संशय आला की पुढे पाठवतो, आणि मीही कितीदा कुणाचं दुःख नुसतं ऐकते. मात्र "काउन्सेलर" अशी पाटी लावायला बऱ्याच ठिकाणी काही अट नसते, तेव्हा शिक्षण विचारायला लाजू नका.

आई, हे तुझ्यासाठी. व्हिडिओ कॉलवर मी बाबांना काही विचारलं की ते तुझ्याकडे बघतात आणि उत्तर तू देतेस. मायेने देतेस, कळतं मला. तपासणीच्या दिवशी तेवढं करू नकोस. तुला वेगळं बसवून विचारतील: कधीपासून, हळूहळू की एकदम, पैशांचे हिशेब आता कोण बघतं, ओळखीच्या रस्त्यावर कधी चुकले का. खरं ते सांग. ती चहाडी नव्हे. आणि सगळं सावरून घेताना तू किती दमतेस, हेही तिथे बोललीस तर चालेल. ते ऐकायला तुला कुणी तरी हवंच आहे, आणि ती व्यक्ती मी नसले तर जास्त बरं.

जाताना चष्मा न्या, गोळ्यांची सगळी पाकिटं न्या, स्वतःच्या मनाने घेतलेल्यासुद्धा. आदल्या रात्री झोप लागली नसेल तर सरळ दुसरी तारीख मागा. चाचण्यांना दोन-तीन तास लागू शकतात, मध्ये विश्रांती मागता येते. अहवाल समजावून द्यायला तपासणाऱ्यालाच सांगा. त्यानंतर जे प्रश्न उरतील ते माझ्याकडे. तारीख मिळाली की लगेच कळवा, मला रजा टाकावी लागेल.

तुमची,
लेक