विषय : चुकीच्या निदान-कोडवरून आईचा दावा नाकारल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
आरोग्य विमा दावे विभाग

आपल्या कॉल सेंटरशी आज झालेल्या संभाषणानंतर हे पत्र लिहीत आहे. आईचा दावा आपण ‘केवळ तपासण्यांसाठी दाखल’ या कलमाखाली नाकारला असून त्यासाठी कॅशलेसच्या पूर्वमंजुरी अर्जावरील आर४२, म्हणजे नुसती ‘चक्कर’, या कोडचा आधार घेतला आहे. तो कोड आपत्कालीन विभागात, निदान व्हायच्या आधी लिहिला गेला होता. डिस्चार्ज समरीवर आणि रुग्णालयाने भरलेल्या दाव्याच्या अर्जावर एच८१.२, म्हणजे डाव्या कानाचा व्हेस्टिब्युलर न्यूरोनायटिस (आतल्या कानातून तोलाचे संदेश नेणाऱ्या नसेचा दाह), असे अंतिम निदान स्पष्ट आहे.

हे मी आपल्या प्रतिनिधीला सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “मॅडम, दोन्ही म्हणजे चक्करच ना?” अंतिम निदानाचा कोड पाहा असे म्हटल्यावर, “सिस्टिममध्ये आर४२ आहे, तो बदलत नाही,” असे उत्तर मिळाले. मग डिस्चार्ज समरी मागवलीच कशाला, असे विचारल्यावर काही वेळ नुसता कीबोर्डचा आवाज येत राहिला आणि त्यानंतर त्यांनी मला ऐकवले, “या वयात चक्कर सगळ्यांनाच येते. लिंबू सरबत द्यायचं, ॲडमिट कशाला करायचं?”

दाखल केले तेव्हा आई खाटेची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून, डोळे मिटून एका कुशीवर पडली होती. मान जराशी वळली तरी उलटी होत होती, पाण्याचा घोट पोटात ठरत नव्हता आणि डॉक्टरांनी पापण्या उघडल्या तेव्हा तिची बुबुळे झटके देत उजवीकडे सरकत होती. अशीच लक्षणे लहान मेंदूच्या झटक्यातही (स्ट्रोकमध्येही) दिसतात, म्हणून एमआरआय झाला. सलाईन आणि उलटी थांबवण्याची इंजेक्शने चालू होती. याला ‘केवळ तपासण्या’ म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

आयसीडी-१० हे आजारांच्या कोडचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण आपल्या विभागाला रोज वापरावे लागते. आर४२ हा लक्षणांच्या प्रकरणातला कोड आहे, आणि एच८१ गटातील आजार त्यातून वगळावेत अशी सूचना त्याच नोंदीखाली छापलेली आहे. आतल्या कानाच्या मेनिएर आजाराला एच८१.०, मान वळवल्यावर क्षणभर येणाऱ्या सौम्य भोवळीला एच८१.१, आईच्या आजाराला एच८१.२ आणि त्याच वेळी ऐकूही कमी येऊ लागले तर लॅबिरिंथायटिससाठी (आतल्या कानाच्या दाहासाठी) एच८३.० असे कोड आहेत. उपचार आणि दाखल होण्याची गरज या प्रत्येकात वेगळी असते. अंतिम निदान समोर असताना पहिल्या तासाचा तात्पुरता कोड धरून बसणे हा निष्काळजीपणा आहे, आणि लेखी कळवूनही तो तसाच ठेवणे हा अन्याय आहे. आईने या कंपनीचा हप्ता एकदाही चुकवलेला नाही, याचे मला आज फार वाईट वाटते.

दावा एच८१.२ वर नव्याने तपासावा आणि पूर्ण रक्कम द्यावी. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे दावे आढावा समितीच्या मंजुरीशिवाय दावा नाकारता येत नाही. ती मंजुरी घेतली असल्यास तिची प्रत पाठवावी आणि डिस्चार्ज समरी कोणत्या डॉक्टरने वाचली ते लेखी कळवावे. संबंधित संभाषणाचे रेकॉर्डिंगही जपून ठेवावे. ३० दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास मी विमा लोकपालांकडे तक्रार दाखल करणार आहे.

पॉलिसीधारकाची मुलगी